उजवीकडची जागा

आमच्या घरी रविवारी दोन गोष्टी शिजत, एक मटण आणि दुसरे पाळकसाहेब. मटण आई शिजवायची, पाळकसाहेब पपा. कॅम्पातल्या आमच्या मराठी चर्चमधली उपासना संपली की पपा आईला स्कूटरवर मागे बसवून कोथरूडला परतत, मी आणि दादा बसने येत असू. आम्ही जिना चढत असतानाच भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा वास यायचा आणि त्या वासातून पपांचा आवाज. उपदेशाचा पहिला मुद्दा दुसऱ्या मुद्द्याला कसा बसत नव्हता, प्रार्थना करताना पाळकसाहेबांनी देवाला भूगोल कसा शिकवला, स्त्रियांच्या बाकांवरून तिसरं कडवं कसं घसरलं, हे सगळं ते ताटात रस्सा पडेपर्यंत सांगत. चर्चमध्ये पेटी तेच वाजवत असल्यामुळे त्यांचं तोंड उपासनेत बंद आणि कान उघडे असायचे. घरी आल्यावर उलट. त्यांचं बोलणं इतकं नेमकं असायचं की आम्हाला ते ऐकताना मजा वाटायची. आज लिहिताना वाटतं, त्या वर्षांत आमच्या घरी देवावर प्रेम करणारी माणसं होती, फक्त देवाचं काम करणाऱ्या कुणाचंही काम आम्हाला पसंत नव्हतं.

पपा भोसरीच्या एका कारखान्यात तपासनीस होते. यंत्रातून निघालेला प्रत्येक सुटा भाग हातात घ्यायचा, मापायचा, आणि केसभर जरी कमीजास्त असला तरी त्यावर लाल रंगाचा ठिपका ठेवून बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. कामावरून आले तरी त्यांच्या उजव्या तर्जनीच्या नखाखाली तो लाल रंग राहिलेला असे. मी शाळेत असताना एकदा विचारलं होतं, चांगल्या भागावर कुठल्या रंगाचा ठिपका ठेवतात. ते म्हणाले, "चांगल्या मालावर खूण करत नाहीत. चांगला माल पुढे जातो." हे त्यांचं नुसतं कारखान्यातलं धोरण नव्हतं. आम्ही दोघं भावंडं, आई, जेवण, परीक्षेचे निकाल, नाताळच्या करंज्या, सगळ्यांनाच हा नियम होता. पपा काही बोलले नाहीत म्हणजे आपण पुढे गेलो असं समजायचं. आई तळाशी वाळू घातलेल्या प्रेशर कुकरात नाताळचा केक भाजायची. पपा तुकडा तोंडात घालून म्हणायचे, "या वेळी खालून कमी करपलाय." आणि आई, इतकी वर्षं संसार केलेली बाई, ते ऐकून दुसरा तुकडा त्यांच्या बशीत घालायची, कारण आमच्याकडे त्याहून मोठं प्रशस्तिपत्र छापलंच जात नव्हतं.

या विद्येत पपांची खरी शिष्या मी. दादा स्वभावाने मऊ होता. मला मात्र नकला करता यायच्या. पाळकसाहेबांचं डोळे मिटून थांबणं, सेक्रेटरींचं सूचना वाचणं, समोरच्या बाकावरच्या मावशींचं एक सूर वरून गाणं, हे मी जेवणानंतर करून दाखवायची आणि पपा हसून डोळे पुसायचे. गाण्यात माझा आवाज बरा होता असं नंतर लोक म्हणाले, पण मी चर्चमध्ये गात नसे. ओठ हलवायचे आणि आजूबाजूच्यांच्या चुका गोळा करायच्या, हा माझा रविवार. कॉलेजात गेल्यावर तर मला वाटायला लागलं की देवाने मला यासाठीच निर्माण केलं असावं.

मग देशाची दारं उघडली, असं वर्तमानपत्रं म्हणायची, आणि त्या दारातून जे आत आलं त्यात पपांच्या कारखान्याचा परदेशी भागीदारही होता. त्याने नवी यंत्रं आणली आणि भिंतीवर पाटी लावली की गुणवत्ता ही प्रत्येकाची जबाबदारी आहे. पपांनी ही पाटी घरी येऊन आम्हाला सांगितली तेव्हा ते हसत होते. "प्रत्येकाची म्हणजे कुणाचीच नाही," असं म्हणाले. ते खरं होतं, फक्त त्या 'कुणाचीच नाही'मध्ये आपणही बसतो हे त्यांच्या लक्षात यायला थोडे महिने गेले. तपासणी खातं बंद झालं. स्वेच्छानिवृत्ती नावाची गोष्ट, जिच्यात स्वेच्छा मालकाची आणि निवृत्ती नोकराची असते, ती पपांनी घेतली. आयुष्यभर माल बाजूला टाकणारा माणूस कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवला, आणि लाल ठिपका ठेवण्याचीही तसदी घेतली नाही.

पपा घरी बसले. सुरुवातीला त्यांनी घराची तपासणी केली. नळाचे आटे, दाराच्या कड्या, आईची डाळ निवडण्याची पद्धत. मग तेही थांबलं. रविवारच्या जेवणाला ते पाळकसाहेबांबद्दल बोलेनासे झाले. मी नकला करून बघितल्या, पण त्या कुणी न मागितलेल्या कामासारख्या पडून राहिल्या. ते आतल्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे आणि समोरच्या रस्त्यावरून कंपनीच्या बसेस जाताना बघायचे. घरात आता कुणीच कुणाला नावं ठेवत नव्हतं, आणि गंमत अशी की त्यामुळे घर भयंकर उदास झालं.

याच सुमारास दादाला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि तिथे त्याला योएल भेटला. योएल नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या ख्रिस्ती शिक्षकांचा मुलगा, सदाशिव पेठेत खोली घेऊन राहणारा, गिटार वाजवणारा. तो आणि त्याच्यासारखी नोकरीसाठी पुण्यात आलेली आठदहा मुलंमुली शनिवारी संध्याकाळी त्याच्या खोलीवर जमून गात. याला ते 'स्तुती आणि आराधना' म्हणत. आमच्या चर्चमध्येही गाणी होती, पण ती कडव्यांची, जुन्या चालींची, पेटी-तबल्यावरची. यांची गाणी म्हणजे एक ओळ. देव चांगला आहे, एवढ्या अर्थाची ती ओळ ते मराठीत म्हणत, मग हिंदीत, मग इंग्रजीत, आणि पुन्हा मराठीत, डोळे मिटून, हात वर करून, टाळ्या वाजवत. दादा एकदा जाऊन आला आणि जेवताना त्याने हे सांगितलं. पपा बऱ्याच दिवसांनी बोलले. "एकच गोष्ट इतक्यांदा सांगायला देव काय बहिरा आहे?" मी मोठ्याने हसले. पपा परत आल्यासारखं वाटलं मला.

योएलच्या घरमालकीणबाईंनी पहिल्या शनिवारी काही म्हटलं नाही. दुसऱ्या शनिवारी जिन्यात पाटी लागली, 'टाळ्या फक्त आरतीला.' तिसऱ्या शनिवारी त्यांनी योएलला बोलावून अतिशय नम्रपणे विचारलं, "आपण नवीन जागा कधीपासून बघणार आहात?" तेव्हा दादाने आईला विचारलं की शनिवारी ही मुलं आपल्याकडे येऊ देत का. आईने पपांना न विचारता हो म्हटलं. आमच्या घरात असं आधी कधी झालं नव्हतं. मी स्वयंपाकघरात होते. मी म्हटलं, "पपांना चालेल?"

आई कणीक मळत होती. म्हणाली, "न चालायला तरी बाहेर येतील."

तो शनिवार मला अजून लख्ख आठवतो. आईने चिवडा केला होता आणि केक. दादाने जुन्या कॉम्प्युटर क्लासमधून एक ओव्हरहेड प्रोजेक्टर मागून आणला होता, पारदर्शक कागदावर लिहिलेलं गाणं भिंतीवर मोठं करून दाखवणारा. बाहेरच्या खोलीतलं सामान गॅलरीत गेलं आणि फरशीवर सतरंज्या आल्या. चपलांचा ढीग पार खालच्या मजल्यावरच्या लेले काकांच्या दारापर्यंत गेला. पपा आतल्या खोलीत त्यांच्या खुर्चीत बसले होते. दार त्यांनी पूर्ण लावलं नव्हतं, कारण पूर्ण लावलं असतं तर राग आल्यासारखं दिसलं असतं, आणि ते कुणावर रागावलेले नव्हते, फक्त नापसंत करत होते. मी मात्र पुढेच बसले. मला नवीन नकलांसाठी माल हवा होता, आणि तिथे तो भरपूर होता. एक मुलगी गाताना पायाच्या अंगठ्यावर उभी राहायची. एक मुलगा प्रत्येक ओळीनंतर "येस" म्हणायचा, जणू देवाने त्याला काहीतरी विचारलं होतं. योएल स्वतः बुटका, जाड भिंगांचा, आणि गाताना त्याचा चेहरा असा व्हायचा की बघणाऱ्याला लाज वाटावी. इतका उघडा आनंद मी मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता.

दुसरं गाणं सुरू झालं तेव्हा आतल्या खोलीचं दार उघडलं आणि पपा बाहेर आले. गाणं थांबलं. आईचा हात पदराकडे गेला. पपा सरळ प्रोजेक्टरपाशी गेले, खाली वाकले आणि म्हणाले, "स्तुतीतला 'तु' ऱ्हस्व असतो." भिंतीवर हातभर उंचीची 'स्तूती' झळकत होती, ओळीओळीला. त्यांना ती दाराच्या फटीतून दिसली होती आणि त्यांनी एक अख्खं गाणं ती सहन केली होती. पेन मागून घेऊन, बोट ओलं करून, त्यांनी एकेक उकार पुसला आणि नवीन काढला. त्यांच्या बोटाची प्रचंड सावली भिंतीवर फिरत होती आणि आम्ही सगळे ती बघत होतो. मला आनंद झाला. आता पपा एक वाक्य टाकतील, ही मुलं चपला शोधतील, आणि आपलं घर पहिल्यासारखं होईल.

योएल म्हणाला, "थँक्यू अंकल. बसा ना."

"मी असलं गात नाही."

"गाऊ नका. बसा फक्त."

"तुम्ही काय करता?" पपांनी विचारलं. नापसंतीची सुरुवात ते नेहमी चौकशीने करत.

"टेस्टर हाय," योएल म्हणाला, मग शहरी होऊन, "आहे. सॉफ्टवेअर तयार झालं की त्यातल्या चुका शोधायच्या. तेच काम."

पपा त्याच्याकडे बघत राहिले. "सापडतात?"

"रोज. माझ्यावर कुणी खूश नसतं तिकडं."

"नसतंच," पपा म्हणाले, आणि मग, जणू खात्यातला माणूस भेटल्यावर उभ्याने बोलणं बरं नाही म्हणून, त्याच्या शेजारी सतरंजीवर बसले. बसल्यावर म्हणाले, "मग हे कशाला? आठवडाभर चुका काढायच्या आणि शनिवारी सगळं चांगलं चांगलं म्हणायचं?"

योएलने गिटारची तार उगाच पिळली. "आठवडाभर चुकाच बघतो, अंकल. एखादा दिवस बघितल्या नाहीत तर बरं, नाहीतर डोळे तसेच होतील. घरी आई फोनवर बोलते तरी मी तिच्या बोलण्यातली चूक ऐकत असतो." मला आठवतं, मी सतरंजीची दशी ओढत होते.

गाणी झाली. पपा गायले नाहीत, पण उठलेही नाहीत. मग योएल म्हणाला की आता एक फेरी करू. प्रत्येकाने आपल्या उजव्या हाताला बसलेल्या माणसाबद्दल देवाचे आभार मानायचे, एक गोष्ट सांगून. अट एकच, वाक्यात 'पण' यायला नको. सुरुवात त्याने स्वतःपासून केली. त्याच्या उजवीकडे पपा होते. तो म्हणाला, "देवा, अंकलबद्दल तुझे आभार. त्यांनी चूक काढली आणि मग बसले. बहुतेक लोक चूक काढून निघून जातात."

पपांच्या उजवीकडे आई होती. तिने चहाचं आधण बघायला उठायचा प्रयत्न केला, तर दादाने तिला खाली बसवलं. वरचा पंखा खटखट करत होता, त्याचा स्क्रू पपांनीच आवळायचा राहिला होता. सगळे डोळे मिटून बसलेले, मी सोडून. मी पपांना बघत होते. कामावर असताना हातात भाग घेऊन ते असेच बसत असतील.

"हिच्या पोळ्या," पपा म्हणाले आणि थांबले. "सगळ्या सारख्या असतात. म्हणजे मी मापून बघितलेल्या नाहीत, पण..."

"पण नको, अंकल," योएल हळूच म्हणाला.

"सारख्या असतात," पपा म्हणाले. "लग्न झाल्यापासून. एकही बाजूला टाकावीशी वाटली नाही." आम्हाला वाटलं झालं. त्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी हात गुडघ्यावर ठेवले. मग डोळे न उघडता ते म्हणाले, "आणि मी घरी बसल्यापासून तिने एकदाही विचारलं नाही, आता काय करणार. त्याबद्दल, देवा, तुझे आभार."

आई रडली नाही. लोकांना ही गोष्ट सांगितली की ते विचारतात, मग आई रडली का. ती बांगडी फिरवत राहिली. तिची पाळी आली, तिच्या उजवीकडे मी. ती घाईघाईने म्हणाली, "विनयाचा आवाज चांगला आहे." पुढे काहीतरी येणार होतं, ते तिने गिळलं. मी त्या 'पण'ची वाट बघत राहिले. तो आला नाही. त्याच्याशिवाय ते वाक्य माझ्यावर पडून राहिलं, आणि मला कळेना त्याचं करायचं काय. टीकेला उत्तर देता येतं, निदान नक्कल करता येते. याला काहीच करता येत नव्हतं. माझ्या उजवीकडे दादा होता. मी म्हणाले की त्याने या मुलांना घर दिलं ते बरं केलं. माझा आवाज चिरका निघाला, आईचं वाक्य नुकतंच खोटं पाडत. शेवटचं गाणं झालं, तीच एक ओळ, आणि त्यात माझे ओठ हलत होते तेव्हा लक्षात आलं की या वेळी आवाजही येतोय. देव चांगला आहे हे मला लहानपणापासून पाठ होतं. ते कुणाला तरी सांगायचं असतं, ही बातमी नवी होती.

मुलं गेल्यावर लेले काका वर आले. म्हणाले, "शेवटचं भजन जमलं. आधीची मात्र सोसली." पपा म्हणाले, "आधी शुद्धलेखन चुकलं होतं." काकांना हे उत्तर पूर्ण पटलं आणि ते खाली गेले. मी आणि आई कपबश्या विसळत होतो. पपा सतरंज्यांच्या घड्या घालत होते, कडेला कड जुळवून. ते आमच्याकडे न बघता म्हणाले, "माझ्याबद्दल त्या परक्या पोरालाच बोलावं लागलं."

आईने नळ बंद केला. "तुम्ही माझ्या उजवीकडे बसायचं होतं," ती म्हणाली.

त्यानंतर पपा एकदम बदलले असं कुणी समजू नये. ते पाळकसाहेबांवर पुन्हा बोलायला लागले, आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण मधूनच ते एखादं शेपूट नसलेलं वाक्य बोलायचे. "आज वरण चांगलं झालंय." आणि थांबायचे. आम्ही हातातला घास तसाच धरून बघत राहायचो. माझ्या निकालाला ते "छान" म्हणाले तेव्हा मी गुणपत्रिका उलटून बघितली. आईला तर संशय आला आणि तिने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब चांगला आहे, आणि पपा म्हणाले, "बघ, हेही म्हणतात." पुढे त्यांनी भोसरीतल्याच एका लहान वर्कशॉपमध्ये नव्या कामगारांना माप घ्यायला शिकवायचं काम धरलं. तिथला मालक दादाला एकदा म्हणाला, तुमचे वडील विचित्र आहेत, बरोबर माप आलं की तेही सांगतात.

पुढे असली गाणी आमच्या चर्चमध्येही शिरली आणि कमिटीत टाळ्या आणि ड्रमविरुद्ध अर्ज तयार झाला, तेव्हा पहिली सही पपांची असणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पाळकसाहेब तो घेऊन घरी आले. पपांनी त्यातल्या दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि सही न करता परत दिला. "एकच ओळ दहादा म्हणतात हो," पाळकसाहेब म्हणाले. पपा म्हणाले, "देवाला पहिल्यांदाच ऐकू येतं, साहेब. म्हणणाऱ्याला दहाव्यांदा येतं."

आता योएल वाघोलीच्या एका मोठ्या हॉलमध्ये गातो. तिथे रंगीत दिवे आहेत, पडदा आहे, आणि सगळं इतकं जोरात असतं की देवाचा बहिरेपणा पुन्हा गृहीत धरलाय की काय असं वाटतं. कौतुकही आता स्वस्त झालंय. माझी भाची मी नुसता चहा ठेवला तरी 'अमेझिंग' म्हणते. माझ्यातली जुनी तपासनीस अजून मेलेली नाही, ती पहिल्या रांगेत बसते. पण गाणं सुरू झालं की मी तिला थोडा वेळ बाहेर पाठवते, चपला सांभाळायला.

त्या वर्षी शनिवारची मंडळी आमच्याकडे येत राहिली. पुढच्याच शनिवारी पपा लवकर येऊन बसले, आईच्या उजवीकडे. येशूच्या उजवीकडची जागा मिळावी म्हणून दोन शिष्यांनी अशीच घाई केली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. पण योएलने ती फेरी पुन्हा घेतलीच नाही. पपा त्यानंतरही दर शनिवारी तिथेच बसायचे. दुसरं कुणी बसलं तर उभे राहायचे, ते उठेपर्यंत. मला राहवेना. मी आईला म्हटलं, "अगं, एकदा काहीतरी बोलून टाक ना त्यांच्याबद्दल. किती दिवस बसवणार आहेस?"

"बसू दे," आई म्हणाली. "आशेने बसलाय माणूस. आराधनेला आणखी काय लागतं?"

मग एका शनिवारी, गाणं अगदी रंगात असताना, सगळे उभे राहून टाळ्या वाजवत असताना, आई गाता गाता उजवीकडे झुकली आणि पपांच्या कानाशी काहीतरी बोलली. दोनच शब्द असतील, फार तर चार. ते काय होते हे तिने कधी सांगितलं नाही आणि पपांनीही नाही. मी एवढंच पाहिलं की पपांची टाळी चुकली. खोलीभर लोकांचे हात एकत्र पडत होते आणि त्यांचे मागाहून, वेगळेच, एकटे पडत होते. आणि ते तसेच, चुकीचेच, गाणं संपेपर्यंत वाजवत राहिले.